अंदाजपंचे दाहोदरसे

"हे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे!" असं आमचे दादा म्हणाले की समोरच्याचा हिशेब निकालात निघे. मग तो वाण्याचा असो, माझा असो, की चाळीच्या गणेशोत्सवाचा. अर्थ सरळ होता : ठोकून दिलेला आकडा. पण शब्द? लहानपणी माझी पक्की समजूत, की हे पंचे म्हणजे अंग पुसायचे पंचे आणि ते गुजरातेतल्या दाहोदहून येत असावेत. दादा आंघोळीनंतर तसलाच एक गुंडाळून वावरत. शंका विचारायची प्राज्ञा नव्हती.

उलगडा पाढ्यांत आहे. जुन्या पाढ्यांत ११० ला 'दाहोदरसे' म्हणत. दशोत्तर शत, म्हणजे शंभरावर दहा. पोरांच्या घोकण्यात 'उत्तर'चं 'ओदर' झालं. आणि हे दाहोदरसे भेटतात कुठे? 'बावीस पंचे दाहोदरसे'! कुणा पोराला ऐनवेळी बावीस आठवले नाहीत, त्यानं तिथे 'अंदाज' घुसडला आणि सूर न सोडता पुढे गेला, असं मानायला हरकत नाही. म्हणजे बघा, ज्या शब्दानं आपण ढिसाळपणाला नावं ठेवतो त्याच्या पोटात काडीची चूक नसलेला गुणाकार बसलाय. पोराचं उत्तर बरोबर होतं हो. हरवला होता तो प्रश्न.

बिचाऱ्या 'अंदाज'लाही आपण उगाच बदनाम केलं. फारसीत 'अंदाजा' म्हणजे माप, आणि 'अंदाख्तन' म्हणजे फेकणं. तिरंदाज, गोलंदाज त्याच घरातले. फलंदाज मात्र मागाहून पंगतीत बसवलेला. तो फेकतो ती फक्त विकेट.

माझा राग आहे तो उलट्या माणसांवर. आमच्या सोसायटीच्या अंदाजपत्रकात ओळ होती : 'गच्ची दुरुस्ती, अंदाजे रु. २,१४,३६७.५०.' पन्नास पैशांपर्यंत अंदाज! 'दोन-सव्वादोन लाख' म्हणाले असते तर मी मुकाट्यानं सही केली असती. याला अंदाजपंचे म्हणणं हा अंदाजपंचेचा अपमान आहे.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसच्या जोडीला 'वीस दोन' आलं, तर केवढा गदारोळ झाला! दाहोदरसे त्याच्या कितीतरी आधी गेलं होतं. त्याच्यासाठी कुणी साधं पत्रकही काढलं नाही.

दादा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. जेवण झालं की नाही ते विसरतात, नातवाला माझ्या नावानं हाक मारतात. परवा डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" दादांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. "असेल बुधवार-बिधवार."

शुक्रवार होता. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहू लागले. मला राहवेना. मी हळूच म्हटलं, "दादा, बावीस पंचे?"

"दाहोदरसे," दादा ताडकन म्हणाले. मग डॉक्टरांकडे बघत मला विचारलं, "का रे, यांना येत नाही वाटतं?"