भूमिकांची नावे आणि त्यांचे अधिकार : 'मूडल'च्या परिभाषेचे परीक्षण

कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी योजिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे, हे ज्याला जी 'भूमिका' दिली असेल तीवरून ठरते. शिक्षणसंस्थांप्रमाणेच कामाच्या ठिकाणीही वापरात असलेली 'मूडल' ही प्रणाली मार्टिन डूगियामस यांनी ऑस्ट्रेलियात रचली. तिची १.० ही आवृत्ती २००२ साली निघाली. भूमिकांची आजची व्यवस्था २००६ सालच्या १.७ या आवृत्तीपासून सुरू झाली. ही व्यवस्था तर्कदृष्ट्या बळकट आहे. तिची परिभाषा मात्र तितकी निर्दोष नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम गुण पाहू. संपूर्ण प्रणाली, अभ्यासक्रमांचा वर्ग, एक अभ्यासक्रम, त्यातील एखादी चाचणी अशी क्षेत्रांची उतरती श्रेणी येथे आहे. वर दिलेला अधिकार खाली आपोआप लागू होतो. व्याकरणाच्या अभ्यासकास पाणिनीच्या अधिकारसूत्रांचे स्मरण व्हावे. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी सांगितलेला प्रत्ययाधिकार पाचव्याच्या अखेरपर्यंत चालतो, तो पुनःपुन्हा सांगावा लागत नाही. खालच्या क्षेत्रातील विशेष नियम वरच्या सामान्य नियमास बाधक ठरतो, हाही उत्सर्ग-अपवादाचाच न्याय होय.

दोष नावांत आहे. नकारासाठी 'प्रिव्हेंट' आणि 'प्रोहिबिट' असे दोन शब्द आहेत. पण त्यांवरून बळाचा क्रम सहज उमगत नाही. पहिला नकार खालच्या क्षेत्रातील परवानगीने, अथवा त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या भूमिकेमुळे उठतो. दुसरा कोणत्याही भूमिकेने उठत नाही. मराठीत दोहोंसाठी 'प्रतिबंध' लिहिले तर हा भेद लोपेल. 'अटकाव' आणि 'सक्त मनाई' असे शब्द योजिल्यास तो वाचताक्षणीच ध्यानी येतो.

याहून गंभीर उदाहरण 'नॉन-एडिटिंग टीचर' या भूमिकेचे आहे. तिच्या धारकास पाठ बदलता येत नाहीत. परंतु शिकणाऱ्यांचे गुण पाहता येतात व गुणदानही करता येते. जे नाही ते नाव सांगते, जे आहे त्याविषयी मूक राहते. कारखान्यातील पर्यवेक्षकास ही भूमिका निरुपद्रवी समजून दिली, तर सुरक्षिततेच्या चाचणीत कोणता कामगार कितीदा चुकला हे त्यास दिसते. आणि त्या कामगाराची बढती त्याच पर्यवेक्षकाच्या शिफारशीवर अवलंबून असू शकते. शिकताना चुकण्याची मुभा गेली की प्रशिक्षण संपते, परीक्षा तेवढी उरते.

प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, हे तत्त्व सॉल्टझर व श्रोडर यांनी १९७५ सालीच मांडले. अधिकार हे वस्तुतः क्रियावाचक असतात : पाहणे, बदलणे, गुण देणे. भूमिकेचे नाव मात्र पदवाचक असते, आणि पद पाहून अधिकार देण्याचा मोह तेथूनच उद्भवतो. म्हणून 'पाठरचनाकार', 'गुणदाता', 'प्रगतिनिरीक्षक' अशी क्रियेवरून साधलेली नावे अधिक प्रामाणिक ठरतील. 'मूडल'मध्ये व्यवस्थापकास नव्या भूमिका निर्माण करता येतात व जुन्यांची नावेही बदलता येतात. सबब हा दोष असाध्य नाही. तो दूर करण्यास यंत्रज्ञापेक्षा शब्दांचा विवेक अधिक हवा.