नामांतर आणि नामविस्तार

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत मराठीने एका मात्रेचेच अंतर राखले आहे. पहिले बारशाला होते, दुसरे पाठीमागे. आमच्या शहरात जवळजवळ अर्धशतक ही दोन्ही कामे एकदमच चालत आली आहेत.

२७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. पाठोपाठ मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दलितांच्या वस्त्या जाळण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. या साऱ्याला ‘नामांतराची दंगल’ असे नाव पडले आणि तेच रूढ झाले. वास्तविक दंगल ही आखाड्यातही होते. तेथे दोन मल्ल असतात आणि माती दोघांच्याही अंगाला लागते. एका बाजूस अख्खे गाव आणि दुसऱ्या बाजूस गावकुसाबाहेरची मूठभर घरे, अशा ठिकाणी दंगल कसली? पण वृत्तपत्री मराठीची ही जुनीच सवय आहे. दंगल ‘उसळते’, तणाव ‘निर्माण होतो’, घरे ‘भस्मसात होतात’. करणारा कोठेच नसतो. (वर ‘जाळण्यात आल्या’ असे आम्हीही सहज लिहून गेलो. कर्ता गाळण्यासाठी आम्हांस काहीच प्रयत्न करावा लागला नाही.)

नामांतराला विरोध करणाऱ्यांचा आवडता शब्द होता ‘अस्मिता’. निजामी राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटलेल्या प्रदेशाला ‘मराठवाडा’ हे नाव प्रिय असावे, यात गैर काहीच नव्हते. परंतु याच शहरातून डॉ. गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिक चालवीत होते. शब्द एकच, एकासाठी तो कुंपण होता, दुसऱ्यासाठी दार. योगसूत्रांत तर अस्मितेची गणना पाच क्लेशांत केली आहे, हे दोन्ही पक्षांस कोणी सांगितले नसावे.

१४ जानेवारी १९९४ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव अस्तित्वात आले आणि या कृतीस ‘नामविस्तार’ म्हटले गेले. शासकीय मराठीने घडविलेल्या शब्दांत इतका चतुर शब्द विरळाच. अंतर म्हटले की काही जाते. विस्तारात काहीच जात नाही. कोणी हरले नाही, असे तो दोघांनाही सांगतो. या शब्दाने रक्तपात टाळण्यास हातभार लावला असेल, तर त्याचे मोल आम्ही कमी लेखणार नाही. तरीही तो आम्हांस खटकतो. विस्तारात मूळचे घर एकाचे असते आणि खोली दुसऱ्यासाठी वाढविली जाते. प्रत्यक्षात विद्यापीठ १९५८ चे. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० साली, बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय सुरू केले होते. मग पाहुणा कोण? विद्यार्थ्यांनी हा वाद आपल्यापुरता मिटविला आहे. ते ‘बामू’ म्हणतात, आणि त्यात दोन्ही नावे दिसेनाशी होतात.

शहराच्या नावाबाबत विस्ताराची वाट कोणी धरली नाही. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद असा प्रवास केलेल्या या गावाला १९८८ पासून सभांतून आणि काही वृत्तपत्रांतून ‘संभाजीनगर’ म्हटले जाऊ लागले. २०२३ साली ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव अधिकृत झाले. मधल्या पस्तीस वर्षांत आपले गाव सांगणे हीच एक साक्ष होऊन बसली. बसमध्ये शेजाऱ्याने “कुठले?” म्हणून विचारावे आणि उत्तरातल्या एका शब्दावरून आपला धर्म, पक्ष, वाचनातले वर्तमानपत्र सारे ताडावे! आमच्यातील कित्येकांनी त्यावर ‘मराठवाड्याकडचे’ हे सोयीचे उत्तर शोधून काढले होते. भित्रे खरे, पण खोटे नव्हे.

नावाचा हा प्रश्न आम्हां ख्रिस्ती लोकांस परका नाही. १९७७ साली आमचा धर्मप्रांत औरंगाबाद या नावाने स्थापन झाला. पण आमचे म्हणणे त्याहून घरातले आहे. मराठवाड्यातील आमची अनेक कुटुंबे पूर्वीच्या महार-मांग वस्त्यांतली. बाप्तिस्म्याला नवे नाव मिळाले, आडनाव राहिले. गावाने मात्र हाक जुन्या जातीनेच मारली. आमच्या दृष्टीने जे नामांतर होते, ते गावाने नामविस्तार म्हणूनसुद्धा मानले नाही. त्याचे दुःख आमच्या कथा-कवितांतून वारंवार येते, आणि ते यावे. पण त्याच लेखनात शेजारच्या बौद्ध वस्तीचा उल्लेख ‘ते लोक’ असा होतो, तेव्हा पान उलटण्यापूर्वी आम्ही थबकतो.