आनंदच्या हाताला काम काय?

हृषिकेश मुखर्जींचा ‘आनंद’ १९७१चा. आमच्या पिढीतल्या बायांनी तो किती वेळा पाहिला आणि किती वेळा पदर डोळ्याला लावला, त्याचा हिशोब नाही. सीमा देव आणि रमेश देव त्यात आहेत, म्हणून तो आपल्याला अर्धा मराठीच वाटतो. मरणाला आलेला माणूस हसतमुखानं कसा जगतो याचं उदाहरण द्यायचं झालं, की ठाणाकुशनूरपासून मुंबईपर्यंत सगळे हेच नाव घेतात. माझी तक्रार त्या हसण्याबद्दल नाही. मला विचारायचं आहे ते वेगळंच : आनंदला आंघोळ कोण घालत होतं?

आतड्याचा कॅन्सर आहे. दुखणं शेवटाला आलंय. तरी पडद्यावर ताटावरून उठताना त्याला धाप लागत नाही, सदऱ्याचं बटण लागत नाही म्हणून तो चिडत नाही, संडासला जायला हात मागत नाही. दिग्दर्शकानं त्याला बोलणं भरपूर दिलं, पण शरीर काढून घेतलं. घरात असा रुग्ण सांभाळलेल्या बाईला ही उणीव लगेच दिसते. कारण बोलायला पाहुणे येतात. बाकीचं सगळं तिच्याच वाट्याला असतं.

आता कुणी म्हणेल, त्या काळात कुणाला एवढं सुचणार? पण सुचलं होतं. लंडनला सिसिली सॉन्डर्स बाईंनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस १९६७ला सुरू केलं होतं, म्हणजे सिनेमाच्या चार वर्षं आधी. आपल्याकडं मात्र पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ला निघालं. आणि व्यवसायोपचार? तो तर मुंबईत १९५०पासून शिकवला जात होता. के. ई. एम. हॉस्पिटलात ती शाळा काढली कमला निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर निंबकरांच्या सून झालेल्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळं पुष्कळांना नाव ठाऊक असतं, काम ठाऊक नसतं.

नावानंच घोळ केलाय म्हणा. ‘व्यवसायोपचार’ म्हटलं की लोकांना धंद्याचं कर्ज वाटतं. इंग्रजीत ‘ओटी’ म्हणावं, तर दवाखान्यात ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली, आणि आपल्या बायांची ओटी तर तिसरीच. खरं म्हणजे गोष्ट साधी आहे. रोजची जी कामं माणसाला ‘मी अजून मी आहे’ असं वाटू देतात, ती त्याला जमतील तशी करून द्यायची. चमचा हातात धरवत नसेल तर दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करायचा. उभ्यानं आंघोळ होत नसेल तर स्टुलावर बसून. सकाळी अंगात थोडा जोर असतो, तो कपडे बदलण्यातच संपवायचा की नातवाशी खेळायला राखायचा, हे रुग्णाला विचारायचं. बरं होणं हा हेतूच नाही. म्हणूनच शेवटच्या दिवसांत ‘आता कशाला हे?’ हा प्रश्न इथं लागू पडत नाही.

आमच्याकडं मात्र सेवेची कल्पना उलटी. आजारी सासूबाई पूजेचे तांदूळ निवडायला बसल्या, की सून धावत येऊन सूप ओढून घेते : “तुम्ही पडून राहा, आई, लोकं काय म्हणतील?” माया खरीच असते. पण त्या दिवसापासून आईंना घरात काही काम उरत नाही. समाजातल्या कुणी मला सांगतील, सल्लेखनेत माणूस सगळं सोडतोच की. सोडतो, पण स्वतः, आपल्या इच्छेनं, जागेपणी. सूप कुणी हातातून ओढून नेलं, तर त्याला त्याग म्हणत नाहीत.

या नजरेनं पाहिलं तर ‘आनंद’मध्ये दोन गोष्टी खऱ्या उतरल्यात, आणि त्या नेमक्या हाताला काम मिळाल्याच्या आहेत. एक, भास्करचं लग्न जुळवायची त्याची धडपड. मरणारा माणूस दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, नुसता घेणारा राहत नाही. दुसरी, ती टेप. भास्करची कविता संपते आणि मागून आनंदचा आवाज येतो. आपण त्याला क्लायमॅक्स म्हणून रडतो. हॉस्पिसमध्ये हेच काम ठरवून करतात : मागं राहणाऱ्यांसाठी आवाज, पत्र, एखाद्या पदार्थाची कृती ठेवून जाणं. हृषिदांना ते नकळत साधलंय, आणि सगळ्या सिनेमात मला तेच खरं वाटतं.

‘अस्तु’ मला म्हणूनच जवळचा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. त्यातलं दुखणं वेगळं, विस्मरणाचं. पण त्यातली चन्नम्मा, नाव ऐकूनच आमच्या सीमेवरची वाटणारी, त्या विद्वान म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळते, आणि कॅमेरा त्या सांभाळण्यापासून नजर वळवत नाही. अमृता सुभाषला त्या कामाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

‘आनंद’मध्ये ललिता पवारांची मेट्रन डिसा होती. एवढी ताकदीची नटी, एवढा करारी चेहरा. तिला आई म्हणून डोळे पुसायला लावलं. तिच्या हातात एक ओला टॉवेल दिला असता, आनंदला स्टुलावर बसवून त्याची पाठ पुसू दिली असती, तर तो सिनेमा आम्हा बायांचाही झाला असता.