वयाची अट कोणाच्या मापाची?

लंडनच्या टेट कलासंस्थेचे टर्नर पारितोषिक १९८४ साली सुरू झाले. १९९० मध्ये प्रायोजक ड्रेक्सेल कंपनीचे दिवाळे निघाले आणि त्या वर्षी पारितोषिकच दिले गेले नाही. १९९१ मध्ये चॅनेल फोर ही दूरचित्रवाणी संस्था प्रायोजक झाली. रक्कम २०,००० पौंड झाली आणि पन्नाशीच्या आतलेच कलावंत पात्र, अशी अट आली.

ही अट निरुपद्रवी वाटते. पण उमेदीच्या वर्षांचा हिशेब सर्वांचा सारखा नसतो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. आधीच्या पिढ्यांना जे नाकारले गेले, ते मिळवण्यातच आमची ती वर्षे खर्ची पडतात.

झांझिबारमध्ये १९५४ साली जन्मलेल्या लुबैना हिमिद यांनी २००४ मध्ये ‘नेमिंग द मनी’त युरोपीय दरबारांतले शंभर गुलाम पुरुषभर उंचीचे उभे केले. प्रत्येकाचे खरे नाव आणि मालकाने लादलेले नाव, दोन्ही तिथे आहेत. लादलेली नावे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. त्याच वर्षी हिमिद पन्नाशीच्या झाल्या. म्हणजे अपात्र ठरल्या. २०१७ मध्ये अट उठली आणि त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना हे पारितोषिक मिळाले.

तरुणांसाठीच्या पारितोषिकांचे कौतुक करण्याआधी आपण विचारले पाहिजे : हे तारुण्य कोणाच्या आयुष्यावरून मोजले?