गुप्तसंचार : वर्ग, वंश आणि वेष

संगणकावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या अद्भुतरम्य खेळांकडे आपल्या समीक्षेने संहिता म्हणून फारसे पाहिलेले नाही. वस्तुतः पात्ररचनेविषयीची जी गृहीतके कादंबरीत कथनाच्या ओघात दडून राहतात, ती या खेळांत नियमांच्या कोष्टकात उघडपणे मांडलेली असतात. प्रस्तुत लेखात अशा खेळांतील गुप्तसंचारी पात्रांपुरता विचार केला आहे.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या खेळात गुप्तसंचाराची क्षमता दोन भिन्न उगमांतून येते. 'रोग' हा वर्ग ती विद्या म्हणून बाळगतो. तो शत्रूच्या नजरेआडून चालत जाऊन पहिला वार करतो. 'ड्रुइड' या वर्गाला त्यासाठी मार्जाररूप धारण करावे लागते. याउलट 'नाइट एल्फ' या वंशातील कोणतेही पात्र, मग त्याचा वर्ग कोणताही असो, अंधारात विरून जाऊ शकते. मात्र ते हलले की ही अदृश्यता सरते. खेळाडू या तिन्हींची तुलना उपयुक्ततेच्या निकषावर करतात. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. वर्ग म्हणजे शिकलेले कसब, तर वंश म्हणजे जन्माने आलेले लक्षण. पात्राविषयीचे हे दोन परस्परविरोधी सिद्धान्त एकाच कोष्टकात शेजारी बसविल्यामुळे ते समतुल्य भासतात.

या मांडणीची पूर्वपीठिका 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या खेळात सापडते. १९७५च्या पुरवणीत त्यात 'चोर' हा वर्ग आला. पुढे १९७८च्या नियमपुस्तकात छायेत लपणे, निःशब्द चालणे, एवढेच नव्हे तर खिसा कापणे या कौशल्यांतही वंशानुसार टक्क्यांची वाढघट नमूद झाली.

आपल्या परंपरेत गुप्तसंचाराची कल्पना कशी आहे? वारजे-खडकवासल्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या सिंहगडावर १६७० साली रात्री दोर लावून मावळे चढले. त्या प्रसंगावरील तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजी आधी पाटलाच्या वेषात गडाखालच्या कोळ्यांमध्ये वावरतो. येथे तो अदृश्य होत नाही. तो पूर्णपणे दिसतो, पण चुकीचा वाचला जातो. कौटिल्याने सांगितलेल्या हेरांपैकी कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस या पाच 'संस्था'ही अशाच आहेत. विद्यार्थी, परिव्राजक, शेतकरी, व्यापारी, तपस्वी या समाजमान्य भूमिकाच त्यांचे आवरण होतात. खेळातील गुप्तसंचारात चिन्हाचा लोप होतो. येथे चिन्हाचे अपवाचन घडविले जाते. म्हणून वेषांतर करणाऱ्याला समाज वाचता यावा लागतो, तर अदृश्य होणाऱ्याला तशी गरज उरत नाही.

वेष उतरविता येतो. वंश उतरविता येत नाही. या भेदाचे गांभीर्य मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच चोर ठरविले. १९११च्या कायद्यानंतर मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनात उचलेगिरी मुलांना मारझोड करून शिकविली जाते. खेळाच्या परिभाषेत सांगावयाचे तर कायद्याने जे 'वंशा'च्या रकान्यात लिहिले, ते या आत्मकथनाने 'वर्गा'च्या रकान्यात आणून ठेवले. जे शिकवावे लागते ते रक्तात नसते, आणि जे शिकविले गेले ते सोडताही येते, हा त्याचा निष्कर्ष आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, एल्फ ही कल्पितसृष्टी आहे आणि तेथे वंश खेळाडू स्वेच्छेने निवडतो. परंतु निवड खेळाडूची असते, पात्राची नव्हे. पात्र त्या वंशात जन्मलेलेच असते. शिवाय कल्पित सृष्टीतील नियमांनाही अर्थ असतो, हे मान्य केल्याशिवाय अद्भुतकथेची समीक्षाच संभवत नाही. खेळाच्या कर्त्यांनाही ही अडचण जाणवलेली दिसते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०२४च्या नियमपुस्तकात 'वंश' या शब्दाच्या जागी 'प्रजाती' हा शब्द आला, आणि मूळ क्षमतांमधील वाढ पात्राच्या पूर्ववृत्ताशी जोडली गेली. तरीही 'हाफलिंग' या प्रजातीपुढे 'स्वभावतः गुप्तसंचारी' हे लक्षण कायम आहे. शब्द बदलला, रकाना राहिला.

तेव्हा गुप्तसंचारी पात्रांमध्ये सरस कोण, या प्रश्नाआधी त्यांचे कसब कोठून आले असे ती संहिता सांगते, हे विचारले पाहिजे. कसब कमावलेले असेल तर त्या पात्राला पूर्वचरित्र असते आणि बदलाची शक्यताही असते. ते जन्मजात ठरविले की चरित्राची जागा लक्षण घेते. कोष्टकात ही केवळ काही टक्क्यांची वाढ दिसते. कायद्याच्या पुस्तकात तिने पिढ्या बंदिस्त केल्या.