परतीचे प्रकरण

आपल्याकडे प्रवासवर्णनांचा तुटवडा नाही. विलायत, अमेरिका, जपान, रशिया अशा सर्व दिशांना मराठी माणूस जाऊन आला आहे आणि पाहिलेले त्याने मोठ्या हौसेने लिहून ठेविले आहे. या ग्रंथांपैकी कित्येक मी आवडीने वाचले, काही वर्गात शिकविलेही. परंतु एक उणीव मला फार दिवस खटकत आली आहे. आमचा प्रवासी निरोपाला दहा पाने देतो. बोटीचे हेलकावे, पहिले हिम, घरमालकिणीचा स्वभाव, संग्रहालये व थडगी यांना शेकडो पाने देतो. आणि परतीला मात्र एक परिच्छेद. दुरून किनारा दिसतो, डोळे पाणावतात, आप्तेष्ट हार घेऊन उभे असतात, ग्रंथ समाप्त! पुढे सांगण्यासारखे जणू काही उरतच नाही. वस्तुतः खरा अनोळखी मुलूख तेथूनच सुरू होतो.

हे मी केवळ ग्रंथ वाचून म्हणत नाही. इंग्लंडात तीन वर्षे अध्ययन करून मी घरी आलो, त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. पहिल्या सकाळी घरातील सर्वांना नेहमीच्या कानतुटक्या कपांतून चहा मिळाला. मला मात्र आईने कपाटातला फुलांचा कप काढून दिला. तो कप पाहुण्यांचा, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. मी कप घेतला आणि सवयीने तिचे आभार मानले. ती काही बोलली नाही. त्या कपातून मी पुढे चार महिने चहा प्यालो. आपल्याला साधा कप हवा, एवढे वाक्य मला उच्चारता आले नाही, आणि तो देण्याचे तिला सुचले नाही. आमच्यात भांडण झाले असते तर बरे झाले असते असे आज वाटते.

कपाचा हा प्रसंग मला पुन्हा आठवला तो गांधीजींची आत्मकथा शिकविताना. १८९१ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. आई आपल्यामागे वारली हे त्यांना मुंबईस उतरल्यावर कळले. परमुलखात धक्का बसू नये म्हणून वडील बंधूंनी ती वार्ता दडवून ठेविली होती. पुढे बंधूंनी त्यांना नाशिकास नेऊन नदीत स्नान घडविले, राजकोटास जातीला जेवण घातले. तरीही जातीची एक फळी बाहेरच राहिली. सासुरवाडीचे व बहिणीच्या घरचे लोक चोरून नियम मोडावयास तयार होते, पण गांधीजींनी त्यांच्या घरचे पाणीही घेतले नाही. इकडे बंधूंच्या घरात चिनी मातीची भांडी, जी पूर्वी प्रसंगविशेषी निघत, ती रोजच्या वापरात आली. ओटची लापशी आली, कोको आला. कोको चहा-कॉफीची जागा घेईल असा बेत होता. तो त्यांच्या जोडीला येऊन बसला. खर्च वाढत गेला आणि बॅरिस्टराची वकिली मात्र चालेना.

या प्रकरणाचे मोल असे की लेखकाने त्यात घराला दोष दिलेला नाही. घर बदलले ते आपल्यासाठी, आणि आपण ते बदलू दिले, हे तो सरळ सांगतो. परतलेल्या माणसाचे दुःख बहुधा उलट्या तोंडाने सांगितले जाते: मी एवढे पाहून आलो आणि हे लोक होते तेथेच! गांधीजींच्या पानांत ही तक्रार नाही. नेहरूंच्या १९३६ सालच्या आत्मचरित्रात तिची थोडी छाया आहे. १९१२ साली सात वर्षांनी परत आलेल्या त्या तरुणाला अलाहाबादच्या वकिलांची संगत नीरस वाटली, त्याच वर्षीची बांकीपूरची काँग्रेसही इंग्रजी जाणणाऱ्या कपडेबाज मंडळींचा मेळावा वाटली. पण आपण धड इकडचेही नाही व तिकडचेही नाही ही कबुली त्या पुस्तकात इतकी मोकळी आहे की तक्रारीचा काटा बोथट होतो.

तथापि या विषयावरचा थोर ग्रंथ शोधावयाचा तर तो आत्मचरित्रांत सापडावयाचा नाही. तो १७२६ साली निघाला आणि आपण तो मुलांच्या हाती देऊन मोकळे झालो आहोत. स्विफ्टच्या गलिव्हरचे बुटके व राक्षस सर्वांना आठवतात. त्याचे घरी परतणे कोणी लक्षात घेत नाही. राक्षसांच्या देशातून आल्यावर तो आपल्याच घराच्या दारातून वाकून आत शिरतो, कारण डोके आपटेल अशी त्याला धास्ती. वाटेत भेटणाऱ्यांना तो ओरडून बाजूस सारतो, न जाणो ते पायाखाली चिरडतील! बायको-मुलांना तो खुज्या माणसांसारखे वरून न्याहाळतो, आणि याचे डोके फिरले असे त्यांना वाटते. ध्यानात घ्यावे की या वेळी गलिव्हरची उंची घरच्यांइतकीच आहे. मोजपट्टी तेवढी परदेशी राहिली आहे. वर्गात या ठिकाणी मुले खदखदून हसतात.

चौथ्या प्रवासानंतर ती हसत नाहीत. सुज्ञ अश्वांच्या देशातून आलेला गलिव्हर पत्नीने चुंबन घेताच तासभर मूर्च्छित पडतो. वर्षभर त्याला मुलाबाळांचा वास सोसत नाही. तो दोन घोडे विकत घेतो आणि रोज चार तास तबेल्यात त्यांच्याशी बोलत बसतो. पाच वर्षांनंतरही नाकात तंबाखूची पाने कोंबल्यावाचून त्याला माणसांत वावरता येत नाही. पहिल्या तिन्ही वेळा घर त्याला बरे करू शकले. या वेळी नाही, कारण आता घराचा दोष आकाराचा राहिलेला नसून ते त्याला ओंगळ वाटू लागले आहे. टीकाकार येथे स्विफ्टच्या मानवद्वेषाची चर्चा करतात. मला त्या तबेल्याची आठवण राहते. आपल्या शहरांतील परदेशस्थांच्या वसाहतींत, परतलेल्यांच्या आठवड्याच्या बैठकांत, मी तो तबेला पाहिला आहे आणि, कबूल करतो, त्यात बसलोही आहे. स्विफ्टला हे कोठून उमगले असेल? त्याचा जन्म डब्लिनचा. लंडनच्या राजकारणात नाव मिळवून तो त्याच डब्लिनमध्ये सेंट पॅट्रिकचा डीन होऊन परतला आणि त्या परतण्याला हद्दपारी मानीत राहिला.

आमच्या प्राचीनांना हा विषय अपरिचित होता असे मात्र म्हणता येणार नाही. वाल्मीकीचा राम चौदा वर्षांनी परत येताना थेट अयोध्येत शिरत नाही. तो भरद्वाजाश्रमात थांबतो, हनुमानाला पुढे धाडतो आणि सांगतो की माझ्या येण्याची वार्ता ऐकताना भरताची मुद्रा कशी होते ते नीट पाहून ये. कीर्तनांतून हा भाग सहसा गाळला जातो. रामाला संशय शोभत नाही अशी आपली समजूत. मला तर ही शंकाच त्या काव्यातील अत्यंत मानुषी स्थळांपैकी एक वाटते. ज्या घरासाठी जीव तुटला ते आपल्यावाचून चालावयास शिकले असेल, ही ती शंका. आल्फ्रेड शुट्झ या व्हिएन्नाहून अमेरिकेस गेलेल्या समाजशास्त्रज्ञाने १९४५ साली घरी परतणाऱ्यावर निबंध लिहिला, तेव्हा त्याने आरंभी ओडिसियस घेतला, जो इथाकेच्या किनाऱ्यावर जागा होतो आणि आपलीच भूमी ओळखीत नाही. राम त्याला ठाऊक असता तर उदाहरण अधिक नेमके मिळाले असते.

आणि आमच्या आजी-आजोबांपाशी एक शब्दही होता: मावंदे. काशीहून आलेल्याने गंगापूजन करून ब्राह्मण-सुवासिनींना जेवू घातले की यात्रा पुरी झाली. तोवर तो घरी येऊनही वाटेवरचाच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांसह पैसा मिळवावयास उत्तरेकडे निघाले. बंडात सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, अनेकदा लुटले गेले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात परतीला जी जागा आहे ती आमच्या विलायती प्रवाशांनी पाहावी. कर्ज फेडावयास गेलेला हा भिक्षुक हाती धन म्हणून जवळजवळ काही न घेता येतो. खांद्यावर गंगेची कावड मात्र आणतो आणि त्या पाण्याने आईबापांना स्नान घालतो. घराला त्या पाण्याची किंमत ठाऊक होती. काय आणलेस असे विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

समुद्रापलीकडून येणाऱ्याला आम्ही मावंदे दिले नाही, प्रायश्चित्त दिले. ते अपमानास्पद होते आणि गेले हे उत्तम झाले. पण त्याच्या जागी आम्ही काय ठेविले? वाङ्मयात तर थट्टा ठेविली. विलायतेहून परतलेला तरुण म्हणजे टोपी, सिगारेट, उष्ट्या इंग्रजीतील तीन वाक्ये आणि तिसऱ्या अंकात पश्चात्ताप, हे सोंग आमच्या नाटककारांनी व कथालेखकांनी इतके घासले की खरा माणूस तोंड उघडण्यापूर्वीच हास्यास्पद ठरला. त्याने गप्प बसणे पसंत केले यात नवल नाही. पंडिता रमाबाईंसारख्या समर्थ लेखिकेनेही अमेरिकेच्या लोकस्थितीवर १८८९ साली एक मोलाचा ग्रंथ दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी मुंबईस शारदासदन काढले. परतलेल्या रमाबाईंना मुंबई कशी दिसली हे ऐकावयास मी तो ग्रंथ आनंदाने निम्मा देऊन टाकीन.

एक परतीचे प्रकरण तर लिहिले जाणे शक्यच नव्हते. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली श्रीरामपूरच्या सभेत बंगालातील श्रोत्यांना सांगितले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. फिलाडेल्फियाची पदवी घेऊन त्या १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या, त्या आजारीच. कोल्हापूरच्या दवाखान्यातील स्त्रीविभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. परतल्यानंतरच्या त्या तीन महिन्यांत अंथरुणावरून त्यांना आपले गाव, आपली माणसे, आपली भाषा कशी भासली असेल, याचा विचार त्यांचे चरित्र वाचताना दर वेळी मनात येतो, आणि मी पुस्तक मिटतो.