शाळा सुटली, वर्कशीट सुटेना

अमेरिकेतल्या बऱ्याच म्युझियमांच्या वेळापत्रकात 'होमस्कूल डे' असतो. वार आठवड्याच्या मधला. बाकीची मुलं तेव्हा वर्गात असतात आणि दालनं रिकामी असतात. घरी शिकणारी मुलं आई-बाबांबरोबर येतात, वयाप्रमाणे गट पडतात आणि 'निसर्ग आणि कला' असं काहीतरी नाव असलेला तास-दीड तास सुरू होतो. आधी एक गोष्ट, मग दालनातून फेरी, मग बाहेर झाडांखाली थोडं भटकणं, शेवटी कागद, कात्री, गोंद. मूल घरी निघतं तेव्हा त्याच्या हातात अंड्यांच्या खोक्याची अळी असते आणि एक भरलेलं वर्कशीट.

माझं भांडण अळीशी नाही. अळी गोड असते. भांडण आहे ते नावातल्या 'आणि'शी. निसर्गाची वीस मिनिटं आणि कलेची वीस मिनिटं स्टेपलरने जोडावीत, तसा तो 'आणि' असतो. आणि वर्कशीटशी तर आहेच. 'या चित्रातले पाच पक्षी शोधा' असं लिहिलेलं असलं की मूल पाच पक्षी शोधतं, आणि पाचवा सापडला की चित्राकडे पाठ फिरवतं. पाहणं कधी थांबवायचं हे त्या कागदाने आधीच ठरवून दिलेलं असतं. ज्या मुलाला शाळेची घंटा नको म्हणून घरी ठेवलं, त्याला इथे दीड तासात चार घंटा ऐकू येतात.

दोष एकट्या म्युझियमचा नाही. पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण घ्या. तिथल्या 1988च्या कायद्यानुसार घरी शिकवणाऱ्या पालकांना वर्षाचे 180 दिवस, किंवा प्राथमिक वयासाठी 900 तास, शिकवल्याची नोंद ठेवावी लागते. मुलाच्या कामाची फाइल बनवावी लागते. वर्षअखेरीस एक पात्र परीक्षक ती फाइल तपासतो, मुलाशी बोलतो. विज्ञान आणि कला दोन्ही विषय सक्तीचे. अशा आईला म्युझियममधून परतताना हातात कागद हवा असतो, आणि म्युझियम तो देतं. मूल तासभर एकाच हरणाच्या डोळ्याकडे बघत बसलं, तर ते फाइलमध्ये लावायचं कसं?

याच राज्यात, फिलाडेल्फियापासून जवळ, चॅड्स फोर्ड नावाचं गाव आहे. तिथलं ब्रँडीवाइन म्युझियम नदीकाठच्या एका जुन्या पिठाच्या गिरणीत 1971 साली उघडलं. त्याच्या चार वर्षं आधी, नदीकाठच्या जमिनीवर कारखाने येऊ नयेत म्हणून गावातल्या लोकांनी एक संस्था काढली होती. तीच संस्था म्युझियम चालवते आणि तीच नदीकाठ राखते. म्हणजे इथे 'निसर्ग' आणि 'कला' एकाच छपराखाली आहेत, जोडायला स्टेपलर लागत नाही. आणि या म्युझियमचा सर्वांत मोठा चित्रकार स्वतः घरी शिकलेला होता.

अँड्र्यू वायथ, जन्म 1917. पाच भावंडांत धाकटा, तब्येतीने नाजूक, त्यामुळे शिक्षण घरीच झालं. वडील एन. सी. वायथ नावाजलेले चित्रकार. 'ट्रेझर आयलंड'च्या चित्रांच्या पैशातून त्यांनी 1911मध्ये इथे जमीन घेतली होती. अँड्र्यू लहानपणी आसपासच्या टेकड्यांवर मोकाट हिंडला. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला स्टुडिओत बसवलं ते मात्र कडक शिस्तीत. त्यांच्या शिकवण्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. माणसाचा सांगाडा सगळ्या बाजूंनी काढून घेतला, मग सांगाडा उचलून ठेवला आणि म्हणाले, आता आठवणीतून काढ.

वर्कशीटच्या बरोबर उलट गोष्ट आहे ही. सांगाड्यात किती हाडं आहेत हे विचारलेलं नाही. पाहिलेलं तुझ्यात किती उरलं, एवढंच विचारलं आहे.

पुढे अँड्र्यू आपल्या मेहुण्याकडून, पीटर हर्डकडून, अंड्याच्या बलकात रंगाची पूड कालवून रंगवायला शिकला. शेजारचं कर्नर कुटुंबाचं शेत त्याने सत्तर वर्षं रंगवलं. एकच शेत! आता विचार करा, नदीकाठची माती कुटून, चाळून, बलकात कालवून कागदावर ओढली तर ती तास भरते निसर्गाचा की कलेचा? अंड्याचं खोकं अळीसाठी कापण्यापेक्षा आतलं अंडं फोडलेलं बरं.

पण वायथची गोष्ट इथे थांबवली तर ती होमस्कूलिंगची जाहिरात होईल. अँड्र्यूनेच पुढे सांगितलं आहे की वडिलांनी त्याला जवळपास कैदेत ठेवलं होतं, त्या जगात दुसऱ्या कुणाला शिरू दिलं नाही. घरी शिकणाऱ्या मुलाची खरी अडचण ही आहे. शिकवणारे, जेवू घालणारे, कौतुक करणारे सगळे तेच. त्याला पाहायला शिकवणारं घराबाहेरचं एखादं माणूस हवं असतं. म्युझियमकडे अशी माणसं पगारावर असतात, आणि कार्यक्रमात ती गोंदाच्या बाटल्या वाटत असतात.

असं माणूस काय करू शकतं, याची गोष्ट आपल्याला मुंबईतूनच माहीत आहे. 1908मध्ये एका लहान मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्डनी चिमणी ओळखली आणि मग पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागोमाग उघडून दाखवले. मुलगा सलीम अली. डोकेदुखीमुळे त्याचीही शाळा सारखी बुडायची. मिलार्डकडे वेळापत्रक नव्हतं, वयोगट नव्हता, मुलाने आणलेला एक मेलेला पक्षी होता. सुरुवात त्याच्या प्रश्नापासून झाली. (हेच सलीम अली 1926मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्ग विभागात लोकांना माहिती सांगायच्या नोकरीवर लागले आणि दोन वर्षांत कंटाळले. ते रजा घेऊन जर्मनीला गेले, पक्षी शिकायला.)

प्रत्येक मुलाला एक मिलार्ड कुठून आणायचा, असं म्युझियमवाले विचारतील. रास्त आहे. पण वीस मुलांनाही सांगता येतं की येताना रस्त्यात सापडलेलं काहीतरी घेऊन या. मग त्या पिसाच्या, बोंडाच्या, मेलेल्या भुंग्याच्या जवळचं काय आपल्या कपाटात आहे, ते काढून शेजारी ठेवता येतं. तासभर तेवढंच. काढायचं त्याने काढावं, नाहीतर नुसतं बसावं.

आणि फाइलचं म्हणाल, तर पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात फाइलमध्ये काय चालेल याची यादीच आहे. वर्कशीट तिथे आहे, खरं. त्याच ओळीत मुलाचं लेखन आहे, मुलाने स्वतः बनवलेलं काहीही आहे. भुंग्याचे तीनच पाय काढून झालेलं, डाग पडलेलं, अर्धं चित्रही त्यात बसतं.